एका ६व्ही६ वर बांधलेल्या गिटार ॲम्प्लिफायरचा आवाज कशाने घडतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. फेंडरच्या १९५० च्या दशकातील चॅम्प या छोट्या ॲम्पची ५एफ१ ही आकृती घेऊन आपण एक १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा व्हॉल्व्ह) आणि एक ६व्ही६ (स्पीकरला शक्ती देणारा पॉवर व्हॉल्व्ह) असा पाच वॅटचा ॲम्प घरी बांधला. दोन्ही ट्रान्सफॉर्मर नागपुरातच वाइंड करून घेतले, ५वाय३ हा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) व्हॉल्व्ह न मिळाल्याने त्या जागी सिलिकॉन डायोड लावले आणि हाताशी असलेला मोटारगाडीतला आठ इंची स्पीकर जोडला. ॲम्प चालतो, पण खर्जात दम नाही, आवाज वाढवला की तो कर्कश होतो आणि जोरात वाजवलेला सूर क्षणभर गुदमरल्यासारखा वाटतो. त्यावर उपाय म्हणून परदेशी पेपर-इन-ऑइल कपॅसिटर आणि जुन्या पद्धतीचे कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर मागवावेत का, असे आपण विचारले आहे.

इतक्यात मागवू नयेत. अशा ॲम्पचा स्वभाव मुख्यतः त्याच्या शक्ती पोहोचवणाऱ्या टोकाला ठरतो: पॉवर व्हॉल्व्हला मिळणारे व्होल्टेज, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि या सर्वांना मागे जोडणारा निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा सिग्नल उलट करून आधीच्या टप्प्याला परत देणे. छोट्या भागांचे मूल्य महत्त्वाचे असते. त्यांच्यावर छापलेले नाव त्या मानाने फारच थोडा फरक करते. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींची कारणे मला आपल्याच मापांत आणि वर्णनात दिसतात, म्हणून त्याच क्रमाने लिहितो. त्याआधी एक सूचना: पुढचे प्रत्येक काम करताना प्लग भिंतीतून काढावा, फिल्टर कपॅसिटर (पुरवठा सपाट करणारे मोठे कपॅसिटर) रेझिस्टरमधून रिकामे करावेत आणि मीटरवर दहा व्होल्टांहून कमी दिसल्याशिवाय चेसिसमध्ये बोट घालू नये. स्पीकर न जोडता ॲम्प कधीही चालवू नये, कारण मोकळ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये निर्माण होणारे उंच व्होल्टेज वाइंडिंगचे इन्सुलेशन फोडू शकते.

आपण ६व्ही६ च्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन जिथे पोहोचतात ते टोक) ३९२ व्होल्ट आणि कॅथोडवर (ते जिथून निघतात ते टोक) २४ व्होल्ट मोजले आहेत. कॅथोडचा रेझिस्टर ४७० ओहमचा आहे, म्हणजे त्यातून ५१ मिलिॲम्पिअर वाहत आहेत. त्यातले चारेक मिलिॲम्पिअर स्क्रीन या मधल्या जाळीचे धरले तर प्लेटच्या वाट्याला ४७ उरतात, आणि ३६८ व्होल्टांनी (३९२ वजा २४) गुणल्यास १७ वॅटहून अधिक उष्णता होते. ६व्ही६ ची मर्यादा जुन्या तक्त्यांत १२ आणि नंतरच्या तक्त्यांत १४ वॅट दिलेली आहे. दिवे मालवून पाहिल्यास प्लेटच्या शिवणीजवळ मंद लाल ठिपका दिसण्याची बरीच शक्यता आहे. याच व्हॉल्व्हच्या तक्त्यात २५० व्होल्टांवर ४५ मिलिॲम्पिअर आणि ५ किलोओहमचा भार असे एकत्र सुचवलेले आहे. व्होल्टेज एवढे वाढवून भार तोच ठेवला, तर सिग्नलच्या एका अर्ध्या लहरीला जागा उरते आणि दुसरी आधी कापली जाते. व्हॉल्व्हचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे क्षमतेपलीकडे सिग्नल कापला जाणे, थोडा एकतर्फी असतोच आणि तो कानाला गोडही लागतो. पण तो कुठे सुरू व्हावा, हे या दोन-तीन आकड्यांनी ठरते.

५वाय३ आणि सिलिकॉन डायोड यांच्या आवाजात फरक असतो, असे सर्रास म्हटले जाते, आणि मोठ्या पुशपुल (आळीपाळीने काम करणाऱ्या व्हॉल्व्हच्या जोडीच्या) ॲम्पच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. तिथे जोरात वाजवताच प्रवाह वाढतो, रेक्टिफायर व्हॉल्व्हवर अधिक व्होल्टेज खर्च होते, पुरवठा क्षणभर खचतो आणि सुराच्या सुरुवातीचा ठोका मऊ होतो. आपल्या ॲम्पमध्ये मात्र एकच व्हॉल्व्ह क्लास ए मध्ये, म्हणजे कधीही बंद न पडता, चालतो. त्याचा सरासरी प्रवाह वाजवताना आणि शांत असताना जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे खचण्यासारखे फारसे काही घडत नाही. ५वाय३ इथे मुख्यतः एका रेझिस्टरचे काम करतो: व्होल्टेज ठरावीक प्रमाणात खाली आणतो. म्हणून ५वाय३ साठी थांबण्याची गरज नाही. डायोड आणि पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या मध्ये १ किलोओहमचा, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घालावा. प्लेटचे व्होल्टेज ३४० च्या आसपास येईल आणि व्हॉल्व्हची उष्णता १२-१३ वॅटवर बसेल. हा रेझिस्टर चांगलाच तापतो, तेव्हा तो चेसिसला स्क्रूने आवळावा आणि वायरपासून दूर ठेवावा.

डायोडचा खरा धोका वेगळाच आहे. खटका दाबताच, व्हॉल्व्ह तापून प्रवाह घेऊ लागण्यापूर्वीच, पूर्ण व्होल्टेज कपॅसिटरवर चढते. आपल्या ३०० व्होल्टांच्या वाइंडिंगवर ते सुमारे ४२४ होते, आणि रात्री उशिरा घरातला पुरवठा २३० ऐवजी २४५ झाला तर ४५० ओलांडते. आपण फिल्टरला ४५० व्होल्टांचेच कपॅसिटर लावले आहेत. ते ५०० व्होल्टांचे, १०५ अंश तापमानाचे घ्यावेत आणि ६व्ही६ पासून हातभर नसले तरी चार बोटे दूर बसवावेत. मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ अंश असताना बंद पेटीच्या आत किती होत असेल, याचा विचार परदेशी आकृत्यांत केलेला नसतो.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपल्या खर्जाच्या तक्रारीचे मूळ. त्याला स्वतःचा असा ५ किलोओहमचा रोध नसतो. तो केवळ फेऱ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने स्पीकरचा रोध प्राथमिक (व्हॉल्व्हकडच्या) बाजूला मोठा करून दाखवतो. ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, आणि त्याचे वर्गमूळ २५. म्हणून गुणोत्तर पंचवीसास एक असले पाहिजे. हे तपासायला ट्रान्सफॉर्मर सर्किटपासून पूर्ण सुटा करावा, हीटरच्या वाइंडिंगमधले ६.३ व्होल्ट त्याच्या प्राथमिक बाजूला द्यावेत आणि दुय्यम (स्पीकरकडच्या) बाजूला मीटर लावावा. पाव व्होल्ट दिसले तर गुणोत्तर बरोबर आहे. उलट बाजूने हा प्रयोग करू नये, कारण मग दुसऱ्या टोकाला दीडशे व्होल्ट उभे राहतात.

गुणोत्तर बरोबर असूनही ट्रान्सफॉर्मर खर्ज गिळू शकतो, आणि माझा संशय तिथेच आहे. आपल्या शहरातले बहुतेक वाइंडर स्टॅबिलायझरचे आणि पुरवठ्याचे ट्रान्सफॉर्मर करण्यात तरबेज आहेत. त्या कामात ई आणि आय आकाराच्या पट्ट्या एक इकडून, एक तिकडून अशा अदलाबदलीने रचतात, म्हणजे गाभ्यात कुठेही फट राहत नाही. तिथे तेच योग्य असते. एका व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये मात्र प्राथमिक वाइंडिंगमधून ४५ मिलिॲम्पिअरचा एकदिश प्रवाह सतत वाहतो. फट नसलेला गाभा त्या प्रवाहानेच चुंबकीयदृष्ट्या भरून जातो आणि ८२ हर्ट्झच्या जाड तारेसाठी त्यात जागाच उरत नाही. म्हणून सगळ्या ई एका बाजूने, सगळ्या आय दुसऱ्या बाजूने आणि दोहोंच्या मध्ये पातळ कागदाची घडी, अशी रचना लागते. ट्रान्सफॉर्मर न उघडताही हे कळते. पट्ट्यांच्या थराकडे बाजूने, कोपऱ्यापाशी टॉर्च लावून पाहावे. सांधा सरळ एका रेषेत वरपासून खालपर्यंत दिसला तर फट ठेवलेली आहे. सांधे एकाआड एक उजवीकडे-डावीकडे दिसले तर ठेवलेली नाही.

नसेल, तर वाइंडिंग फेकण्याची गरज नाही, फक्त पट्ट्या काढून पुन्हा रचून घ्याव्यात. त्याच वेळी वाइंडरला विचारावे की प्राथमिक वाइंडिंग दोन भागांत करून दुय्यम मध्ये घातले आहे का. ते एकावर एक सरळ गुंडाळले असेल तर वरच्या कंप्रता काही प्रमाणात गळतात. गिटारला पाच किलोहर्ट्झच्या वर फारसे काही नको असते, त्यामुळे या दुसऱ्या गोष्टीसाठी मी पुन्हा वाइंडिंग करायला लावणार नाही. ही कामे मार्चच्या आधी उरकावीत. पुढे कूलरच्या मोटारी आणि पंपांची रांग लागते आणि आपल्या दोन इंची ट्रान्सफॉर्मरकडे कोणी पाहत नाही. एक पर्यायही आहे. एकाच ईएल८४ पॉवर व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या रेडिओंचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकेरी व्हॉल्व्हसाठीच बनवलेले असल्याने त्यांत ही फट असतेच. इतवारीत भंगारात असा रेडिओ मिळाला तर त्याचे गुणोत्तर वरच्या पद्धतीने मोजून घ्यावे. तो आकाराने लहान असल्याने खर्ज लवकर खरखरतो, पण छोट्या ॲम्पमध्ये ती खरखर पुष्कळांना आवडते.

स्पीकरविषयी मी सर्वांत जास्त आग्रही आहे. गाडीतला आठ इंची वूफर रबराच्या कडेचा, जड कोनचा असतो. एका वॅटला एका मीटरवर त्याचा आवाज साधारण ८७-८८ डेसिबल असतो. गिटारचा कागदी कोनचा स्पीकर ९५ ते १०० डेसिबल देतो. दहा डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीचा दहापट फरक. आपला पाच वॅटचा ॲम्प त्या वूफरवर अर्ध्या वॅटसारखा वाजतो आणि म्हणून आपण तो नेहमी शेवटच्या टोकापर्यंत फिरवता. शिवाय गिटारचा स्पीकर पाच किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो आणि दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडा वर उठतो. ओव्हरड्राइव्हमध्ये निर्माण झालेली वरची किरकिर हा उतार गाळून टाकतो. गाडीच्या सेटमधला ट्वीटर ती उलट ऐकवतो. आपल्या स्पीकरच्या मध्यभागी छोटा ट्वीटर असेल, तर त्याची वायर आजच तोडून पाहावी. कर्कशपणाचा मोठा वाटा तिथेच निघेल.

यापुढची गोष्ट थोडी बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. आठ ओहमचा स्पीकर सर्वत्र आठ ओहमचा नसतो. त्याच्या स्वतःच्या कंपनाच्या ठिकाणी, गिटारच्या स्पीकरला बहुधा ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास, त्याचा रोध कितीतरी पट वर जातो, आणि एक-दोन किलोहर्ट्झनंतर तो पुन्हा हळूहळू चढत राहतो. ६व्ही६ चा अंतर्गत रोध सुमारे ५० किलोओहम आहे. ६२५ ने भागल्यास स्पीकरला तो ८० ओहमचा दिसतो. म्हणजे व्हॉल्व्ह स्पीकरला धरून ठेवत नाही. स्पीकरचा रोध जिथे चढतो तिथे त्याला अधिक व्होल्टेज मिळते. खर्जातली ती गुबगुबीत फुगवटी आणि वरची चमक यांतून येते. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पचा बाहेरचा रोध जवळपास शून्य असल्याने तोच स्पीकर तिथे सपाट वाटतो. व्हॉल्व्हची ऊब म्हणून जे सांगतात, त्याचा मोठा भाग स्पीकर आणि ॲम्प यांच्या या सैल नात्यात आहे.

निगेटिव्ह फीडबॅक हे नाते आवळतो. आपल्या आकृतीत स्पीकरच्या टोकापासून २२ किलोओहमचा रेझिस्टर १२एएक्स७ च्या दुसऱ्या भागाच्या कॅथोडला गेला आहे, तोच हा. त्याच्यात एक खटका घालावा. फीडबॅक तोडला की ॲम्प थोडा मोठा, खडबडीत आणि खर्जात सैल होतो; जोडला की स्वच्छ आणि आटोपशीर. २२ च्या जागी ४७ लावून मधला मार्गही मिळतो. चार-दोन रुपयांत आवाजात एवढा बदल करणारा दुसरा भाग ॲम्पमध्ये नाही. जोडल्यावर ॲम्प शिट्टी किंवा आरोळी देऊ लागला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूच्या दोन वायरी अदलाबदल कराव्यात. फीडबॅक उलटा पडला आहे.

याचे इतिहासातले उत्तम उदाहरण सांगतो. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातील मंडळींनी फेंडरच्या ५एफ६-ए बासमन या ॲम्पची आकृती जवळजवळ जशीच्या तशी घेतली आणि त्यातून मार्शलचा जेटीएम४५ हा ॲम्प घडला. कागदावर दोन्ही भावंडे आहेत, कानाला मात्र दोन वेगळी घराणी. फरक कुठे पडला? बासमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७ होता, ज्याचा वर्धनांक ४४ च्या आसपास असतो. मार्शलने १०० वर्धनांकाचा १२एएक्स७ लावला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळणारा घेतला. फीडबॅकचा २७ किलोओहमचा रेझिस्टर तोच राहिला, पण तो २ ओहमच्या टोकाऐवजी १६ ओहमच्या टोकाला जोडला गेला, जिथे व्होल्टेज जवळपास २.८ पट असते. आणि मागून उघड्या पेटीतल्या जेन्सेनच्या चार दहा इंची स्पीकरांऐवजी नंतर बंद पेटीत सेलेस्टियनचे चार बारा इंची स्पीकर आले. छोट्या कपॅसिटरांची मूल्ये सुरुवातीला बहुतांशी तीच होती.

पेटीविषयी थोडक्यात: मागून उघडी पेटी खर्ज काहीसा खाते, पण खोलीभर आवाज पसरवते, छोट्या ॲम्पला तीच बरी. बल्लारशाचे सागवान वापरण्याचा मोह आपल्या भागात सर्वांनाच होतो. ते दिसते सुंदर, पण पेटी उचलताना कंबर धरते आणि आवाजात त्याचा उपयोग काही नाही. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय पुरे. स्पीकर बसवायची फळी १२ मिलिमीटरची असली तरी चालते.

आता सूर गुदमरण्याविषयी. खर्ज वाढावा म्हणून आपण ६व्ही६ च्या आधीचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.१ चा लावला, असे लिहिले आहे. पुढचा रेझिस्टर २२० किलोओहमचा असताना ०.०२२ ची कात्री ३३ हर्ट्झवर पडते, म्हणजे त्याखालचाच खर्ज कापला जातो, आणि ते गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या पुष्कळ खाली आहे. ०.१ ने ती ७ हर्ट्झवर गेली. त्या जागी गिटारमधून काहीच येत नाही, त्यामुळे खर्जात काही भर पडली नाही. उलट जोरात वाजवताना ६व्ही६ चे ग्रिड (सिग्नल जिथे दिला जातो ती जाळी) प्रवाह घेऊ लागते, तो कपॅसिटर भरतो आणि रिकामा होईपर्यंत व्हॉल्व्ह बंद पडल्यासारखा होतो. आधी हा रिकामा होण्याचा काळ पाचेक मिलिसेकंद होता, आता बावीस झाला. हेच ते गुदमरणे. ०.०२२ पुन्हा लावावा, शिवाय ग्रिडच्या पायापाशी, अगदी सॉकेटला लागून, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घालावा. तो कानाला न ऐकू येणारी उंच कंप्रतेची आंदोलनेही थांबवतो. ती स्वतः ऐकू येत नसली तरी त्यांच्यामुळे आवाज पातळ आणि रागीट होतो.

वायरिंगबद्दल आपली काही तक्रार नाही, तेव्हा एवढेच: हीटरच्या वायरी पीळ घालून कोपऱ्यातून न्याव्यात आणि इनपुटची वायर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायरींना समांतर नेऊ नये. पुढे कधी गुणगुण ऐकू आली तर तिचा सूर ओळखावा. ५० हर्ट्झची मऊ गुणगुण हीटरकडून किंवा वायरींच्या जवळिकीतून येते, १०० हर्ट्झची टोचरी गुणगुण फिल्टर कपॅसिटरकडून.

राहिला आपला मूळ प्रश्न. जुन्या पेपर कपॅसिटरमधून बऱ्याचदा थोडा एकदिश प्रवाह झिरपतो आणि पुढच्या ग्रिडचे बायस (ठरवून दिलेले स्थिर व्होल्टेज) हलवतो. जुन्या ॲम्पांचा काही स्वभाव तसा आलेला असू शकतो, पण तो मुद्दाम विकत घेण्यासारखा गुण नाही. कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर उंच व्होल्टेजच्या झोक्यावर किंचित बदलतात हे खरे आहे. मात्र ते खसखसतात आणि उष्णतेने वर्षानुवर्षे सरकत जातात, हे त्याहून जास्त खरे आहे. दोन वेगळ्या कंपन्यांचे, पण मीटरवर नेमके एकाच मूल्याचे कपॅसिटर खटक्यावर लावून, वाजवणाऱ्याला न सांगता बदलून पाहावेत. मला स्वतःला त्यात भरवशाने ओळखता येईल असा फरक ऐकू येत नाही. आपल्या सीताबर्डीच्या बाजारात मिळणारे ६३० व्होल्टांचे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर कपॅसिटर आणि मेटल फिल्म रेझिस्टर या कामाला पूर्णपणे योग्य आहेत. सिग्नलच्या वाटेवर मोठ्या मूल्याचे डिस्क सिरॅमिक तेवढे टाळावेत, कारण त्यांचे मूल्य व्होल्टेजबरोबर बदलते आणि पेटी थरथरली की ते स्वतः वाजतात.

परदेशी कपॅसिटरांसाठी बाजूला ठेवलेले पैसे दहा किंवा बारा इंची, कागदी कोन आणि कागदीच कडेच्या आठ ओहमच्या स्पीकरवर घालावेत. घेताना ॲम्प आणि गिटार दोन्ही सोबत न्यावेत, आणि दुकानदाराने परवानगी दिली तर स्पीकर नुसता टेबलावर न ठेवता एखाद्या रिकाम्या खोक्याच्या तोंडावर धरून ऐकावा. मोकळ्या हवेत सगळेच स्पीकर खर्जाला पोकळ वाटतात.